नाणं बघायचं कसं, भाव समजून घ्यायचा कसा – सोलापूरच्या नव्या संग्राहकांसाठी

टिळक चौकाजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही काही नाणेवेडे महिन्यातून एखाद्या रविवारी जमतो. मागच्या बैठकीत मधोमध रुमालावर एक रुपया ठेवला होता, सातव्या एडवर्डचा, १९०६चा. तो ज्यांचा, ते अण्णा म्हणाले, "हा एक्सएफ. डोळे झाकून एक्सएफ." एक्सएफ म्हणजे जेमतेम झिजलेलं नाणं. मामा भिंग लावून बघत होते. म्हणाले, "डोळे झाकूनच म्हणायला पाहिजे. उघडून बघितलं तर कानाची पाळ कुठं दिसंना की ओ." मग तासभर तेच चाललं. चहा दोनदा आला, दोनदा गार झाला.

त्या दिवशी एक कॉलेजचा पोरगा पहिल्यांदाच आला होता, आजीच्या पेटीतली पुरचुंडी घेऊन. शेवटी धीर करून त्याने विचारलं, "पण काका, याचे येतात किती?" अण्णा आणि मामा, जे तासभर एका शब्दावर एकमत होत नव्हते, ते एकदम म्हणाले, "ते नंतर!"

हा लेख त्या पोरासाठी. आमच्या भांडणात नवख्याच्या लक्षात येत नाही ते हे, की तिथे दोन भांडणं एकमेकांत अडकलेली असतात. नाणं किती झिजलंय हे एक, आणि त्याचे पैसे किती हे दुसरं. पहिल्याला डोळा लागतो, दुसऱ्याला गिऱ्हाईक. आधी भाव विचारून मग नाणं बघणारा माणूस हमखास फसतो, म्हणून खाली सांगतोय त्याच क्रमाने जा.

पहिली पायरी : हात आवरा

नाणं धुऊ नका. घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, टूथपेस्ट नाही, भांड्यांची पावडर तर नाहीच नाही.

माझंच सांगतो. माझ्या आजीकडे अकरा राणीछाप रुपये होते. काळपट, कडेला निळसर-तांबूस झाक आलेले. मी तेव्हा नवा होतो, उत्साह दांडगा. चिंचेच्या कोळात रांगोळी कालवली आणि एकेक रुपया असा लख्ख केला की आजी म्हणाली, लग्नातल्या ताटासारखे झाले रे. दुसऱ्या दिवशी ते एका जुन्या संग्राहकांकडे नेले. त्यांनी पहिला उचलला, दिव्याखाली धरला, खाली ठेवला. दुसरा उचललाच नाही. "चांदीच्या भावानं देणार का?" एवढंच विचारलं. मला राग आला होता. कारण कळायला वर्ष गेलं.

टाकसाळीत ठसा आपटतो तेव्हा धातू दाबाने मधून कडेकडे सरकतो. त्याच्या केसाहून बारीक रेषा नाण्याच्या अंगावर राहतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं, की त्या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरत जातो. यालाच संग्राहक लस्टर म्हणतात. घासलं की त्या रेषा जातात आणि त्यांच्या जागी तुमच्या रांगोळीचे ओरखडे येतात. मग नाणं चकाकतं खरं, पण सगळीकडून एकसारखं, स्टीलच्या वाटीसारखं. उजेड फिरत नाही. एकदा हा फरक डोळ्यात बसला, की धुतलेलं नाणं हातभर अंतरावरून ओळखू येतं. गेलेली ती रेषा कोणीच परत आणू शकत नाही.

चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळपट किंवा इंद्रधनुषी झाक, जिला टोनिंग म्हणतात, तिच्यावर वाद आहेत. काहींना ती आवडते आणि ते तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. काही म्हणतात, टोनिंग म्हणजे सावकाश चाललेला गंजच, नाव तेवढं गोड. मुद्दाम तापवून, गंधक लावून रंग चढवलेली नाणीही बाजारात फिरतात, त्यामुळे दुसऱ्या गटाला बोलायला जागा मिळते. तुम्ही सध्या यात पडू नका. जे आहे ते आहे तसं राहू द्या, म्हणजे दोन्ही गटांना तुमचं नाणं विकत घेता येईल.

दुसरी पायरी : चार वस्तू आणि एक रुमाल

शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर आणि एक लोहचुंबक. टेबलावरचा पिवळा दिवा बहुतेक घरी असतोच. खाली मऊ रुमाल पसरायचा, कारण नाणं सुटतं ते नेमकं शहाबादी फरशीवरच. धरायचं दोन बोटांनी कडेवर, तोंडावर अंगठा टेकवून नाही. घामाचा ठसा चांदीवर उमटतो आणि काही महिन्यांनी काळा होऊन वर येतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका.

तिसरी पायरी : हे आहे तरी काय

ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, नंतर. आधी ओळख पटवा.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के. व्हिक्टोरियापासून पाचव्या जॉर्जपर्यंत हेच प्रमाण. युद्ध सुरू झाल्यावर १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. वजन तेच, आकार तोच, आत मात्र निम्मा मिश्रधातू. १९४७चा रुपया तर निकेलचा, मागे वाघ. तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा कधीच चिकटत नाही. वापरून झिजलेला रुपया अकरा-साडेअकरा ग्रॅम भरला तर घाबरू नका, पण दहा भरला तर खुर्ची पुढे ओढा.

सोलापूरच्या घरांत हमखास निघणारी दुसरी वस्तू म्हणजे चारमिनारचा रुपया. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा ही सगळी निजामाची हद्द होती, आपल्या वेशीबाहेर. नातीगोती, व्यापार, मजुरी सगळं त्या हद्दीतून ये-जा करत होतं, तेलंगणातून विणकर कुटुंबं येत होती, मग त्यांचा हाली आणि उस्मानिया सिक्का इथे आला नाही तरच नवल. युद्धाआधीचा तो ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. त्या वेळच्या हिशेबाने सात उस्मानी रुपयांना सहा इंग्रजी रुपये मिळत. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर दिसेल. निजाम मीर महबूब अली खानाच्या नाण्यावर मीम, त्याच्यानंतरच्या उस्मान अली खानाच्या नाण्यावर ऐन. उस्मान अलीच्या सुरुवातीच्या नाण्यांत अर्धा ऐन आणि पूर्ण ऐन असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांचे भावही वेगळे. भिंग कशाला घ्यायचं ते इथे कळतं.

प्रकार ओळखल्याशिवाय भावाला हात घालू नये, हे पटायला पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया हातात घ्यावा. राजाच्या अंगरख्यावर पदकाच्या साखळीत हत्ती कोरलाय. १९११च्या ठशात त्या हत्तीची सोंड अशी तोकडी आली, की लोकांना तो डुक्कर वाटला. गहजब झाला, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२पासून सोंड नीट लांब केली. म्हणून १९११चा 'डुकराचा रुपया' झिजका असला तरी विचारला जातो, आणि १९१७-१८चे कोट्यवधींनी पाडलेले रुपये चांगले असूनही चांदीच्या आसपास फिरतात. शेजारी शेजारी ठेवले तर नवखा नक्की १९१८चा उचलतो, कारण तो जास्त छान दिसतो.

औरंगजेबाच्या रुपयात टाकसाळीचं नाव महत्त्वाचं. सुरतचा सरसहा मिळतो. त्याच्या काळात आपल्या सोलापुरातही टाकसाळ होती. नाण्यावर फारसीत शोलापूर असं वाचता येईल असा तुकडा मिळाला, तर सोलापूरकराने तो सहसा हातचा जाऊ देऊ नये. हे मी भावापोटी बोलत नाही, अभिमानापोटी बोलतोय. तेवढी सूट मला द्या.

आता नकली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सराफाकडून घेतलेली राजाच्या किंवा राणीच्या छापाची नवी चांदीची नाणी ही पूजेची नाणी आहेत, टाकसाळीची नव्हेत. पेटीत जुन्यांत मिसळून पडली की तिसऱ्या पिढीला फरक कळत नाही. त्यांवरची अक्षरं मेणात उमटल्यासारखी गुळगुळीत असतात. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागे हनुमान किंवा रामदरबार असं 'नाणं' कोणी दाखवलं, तर ती मागाहून पाडलेली मुद्रा समजा. कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी पाडायला सुरुवातच १८३५मध्ये केली. सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया अतिशय दुर्मिळ, म्हणून १९३८च्या रुपयातला ८ कोरून ९ केलेले तुकडे फिरतात. भिंगाखाली आकड्याभोवतीचं मैदान बघा. तिथे खरवडल्याची खळगी दिसते. शिवरायांचा सोन्याचा होन कोणी रस्त्यात, यात्रेत, 'शेतात सापडला' म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर चहा पाजून निरोप द्या.

चौथी पायरी : झीज आणि अपुरा छाप यांतला फरक

इथूनच ग्रेड सुरू होते, आणि निम्मी भांडणंही इथेच होतात.

प्रत्येक नाण्यावर काही जागा उंच असतात, त्या आधी झिजतात. एडवर्डच्या रुपयात कान, कानावरचे केस, दाढीचा गाल. व्हिक्टोरियाच्या रुपयात गाल, कपाळावरून मागे गेलेले केस आणि खांद्यावरचं भरतकाम. जॉर्जच्या रुपयात मुकुटाचे मणी, गाल आणि तो हत्ती. या जागा आधी बघा, बाकी नाणं नंतर.

आता एडवर्डचा कान सपाट दिसतोय. का? वापरून झिजला असेल, किंवा ठसाच तिथे नीट बसला नसेल. दोन्हींत कान सपाटच दिसतो. पण झिजलेल्या जागी धातूचा रंग बदलतो, तो मंद, करडा, जरा तेलकट दिसतो, आणि फिरणारा उजेड तिथे येऊन तुटतो. छापच अपुरा असेल तर कान सपाट असूनही उजेड त्यावरून सलग जातो. आमच्या माडीवर अण्णा म्हणत होते छाप अपुरा, मामा म्हणत होते झीज. नाणं दिव्याखाली फिरवून बघायला हवं होतं. कोणी उठलं नाही, कारण शेंगदाण्याची पोळी आली.

बोलीतले शब्द असे. एफ म्हणजे फाइन, चेहरा ओळखू येतो, बारकावे गेलेत. व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, मोठे बारकावे आहेत, उंच जागा सपाट. एक्सएफ किंवा ईएफ म्हणजे फक्त अगदी टोकांना घासटलेलं. एयू म्हणजे जवळपास न वापरलेलं. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं. यूएनसी नाण्यालाही पिशवीत एकमेकांवर आदळून खरचटलेलं असू शकतं, ते चालतं. झीज मात्र जराही चालत नाही.

या शब्दांना आकडे लावणारी मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. ती १९४९मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने मांडली, आणि तीही त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. त्याचा हिशेब मजेदार होता. अगदी घासून गेलेल्या नाण्याची किंमत एक धरली, तर सर्वोत्तम नाण्याची सत्तर. म्हणजे आकडा जन्माला आला तोच भाव सांगायला. भावाचं ते गणित पुढे कोलमडलं, पण आकडे टिकले आणि जगभरच्या नाण्यांना चिकटले. पुढे असंही उघड झालं, की याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्यांच्या जागी हलके ठेवले होते. मोजपट्टीचा दोष नाही, पण कोणी आकडा देवाच्या आवाजात सांगू लागला की मला हे आठवतं.

आजच्या पट्टीत ६० ते ७० हे अकरा आकडे न वापरलेल्या नाण्यांसाठी, त्यांपुढे एमएस, म्हणजे मिंट स्टेट, लावतात. व्हीएफ २० ते ३५, एक्सएफ ४० आणि ४५, एयू ५० ते ५८. गंमत अशी, की कधी कधी चांगला एयू-५८ दिसायला खरचटलेल्या एमएस-६०पेक्षा देखणा असतो आणि तरी त्याचा आकडा कमी. यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ग्रेड म्हणजे फक्त जतन किती झालं ते, दिसणं-बिसणं बाजूला ठेवा. दुसरा म्हणतो, चमक, छाप, एकूण रूप सगळं धरून बाजार त्याला कुठे बसवेल, ती ग्रेड. पहिल्या पक्षाचं ऐकलं तर ग्रेड स्वच्छ राहते पण भाव सांगत नाही. दुसऱ्याचं ऐकलं तर भाव सांगते पण दर दहा वर्षांनी घसरते. मी पहिल्या बाजूचा आहे. मामाही. अण्णा दुसऱ्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर विकताना अण्णांचाच जास्त फायदा होतो.

डबीतलं नाणं घ्यायचं का?

पीसीजीएस १९८६ची आणि एनजीसी १९८७ची, दोन्ही अमेरिकन कंपन्या. नाणं तपासून, आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात. या डबीला स्लॅब म्हणतात. त्यामुळे अनोळखी माणसाकडून, फोटो बघून विकत घेणं सोपं झालं, हे मान्य करायलाच हवं. धुतलेलं किंवा बिघडवलेलं नाणं असेल तर ते आकड्याऐवजी 'डिटेल्स' असा शेरा मारतात. तो शेरा वाचायला विसरू नका. आकडा मोठ्या अक्षरांत असतो, शेरा बारीक.

पण तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर वेगळा आकडा येऊ शकतो. अनेकांनी केलंय. माणसंच बघतात शेवटी. खोट्या डब्याही निघाल्यात, म्हणून डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा. आणि चांदीच्या भावात मिळणाऱ्या साध्या रुपयाला डबीत घालण्याचा खर्च त्या रुपयाच्या भावापेक्षा जास्त होऊ शकतो, एवढा हिशेब कोणी सांगायला नको.

शिवराईला ही पट्टी लागत नाही

या भागावर मी जरा रेंगाळणार. आपल्याकडच्या नवख्यांचा पहिला हात शिवराईवरच पडतो, आणि सगळ्यात चुकीची ग्रेडही तिचीच सांगितली जाते.

शिवराई यंत्रावर पाडलेली नाही. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून वरून घण घातलाय. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा, तुकडा लहान. त्यामुळे जन्मतःच अशा बहुतेक नाण्यांवर अर्धी अक्षरं तुकड्याबाहेर राहून गेलीत. एखादी शिवराई खिशात एक दिवसही न फिरलेली असू शकते आणि तरी तिच्यावर फक्त 'जा' आणि 'शि' दिसेल. तिला पट्टीने यूएनसी म्हणा, गिऱ्हाईक नाही. उलट एखादी बोटांनी झिजून मऊ झालेली, पण 'श्री', 'राजा', 'शिव' तिन्ही ओळी तुकड्यावर नीट आलेल्या, कडेला बिंदूंचं वर्तुळ निम्मं तरी दिसणारं. पट्टीने ती व्हीएफ सुद्धा नाही. पण आमच्या माडीवर तिच्यासाठी हात पुढे येतील.

म्हणून शिवराई हातात आली, की क्रम वेगळा. अक्षरं किती आली, दोन्ही बाजूंची. छाप मधोमध बसलाय की सरकलाय. तुकडा चिरलाय का. तांब्यावर हिरवा, भुसभुशीत गंज आहे की गुळगुळीत तपकिरी लेप. झीज सगळ्यांत शेवटी. दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, नंतरच्या काळातली. या फार मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या आणि पुढेही कितीतरी वर्षं चलनात राहिल्या. त्या आजही काही शेकड्यांत मिळतात. 'महाराजांच्या हातची' म्हणून कोणी त्यांचे हजारो मागितले तर हसून पुढे जा. ज्या भागात आपण राहतो तिथे बहमनी आणि आदिलशाही तांबंही खूप निघतं. त्यालाही हाच नियम. लेख किती वाचता येतो, हे आधी.

स्लॅबवाल्या मित्रांशी माझं खरं भांडण हे आहे. घणाखाली पाडलेल्या नाण्याला एक आकडा देऊन त्याची सगळी कहाणी सांगता येत नाही. छाप आणि झीज वेगवेगळी लिहायला हवीत. माझ्या वहीत मी तसंच लिहितो.

पाचवी पायरी : भाव

आता त्या पोराचा प्रश्न.

आधी जमीन मोजा, म्हणजे धातूची किंमत. रुपयाच्या ११.६६ ग्रॅममध्ये शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी ग्रॅमला शंभर रुपये धरली तर १,०६९. १९४०-४५च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, म्हणजे ५८३. चारमिनारमध्ये सुमारे ९.१४ ग्रॅम, म्हणजे ९१४. रोजचा दर घालून हेच गणित करा. याच्या खाली कोणी मागत असेल तर तो सराफ आहे, संग्राहक नव्हे, आणि सराफ त्यातूनही घट कापणार.

या जमिनीवर मजले चढतात ते दोन गोष्टींनी. किती उरलीत आणि किती जणांना हवीत. 'जुनं म्हणजे महाग' हे डोक्यातून काढा. दोन हजार वर्षं जुनं तांब्याचं नाणं दोनशे रुपयांत मिळतं आणि १९३९चा रुपया लाखांत विचारला जातो. साधारण मिळणाऱ्या नाण्यात अवस्था भाव ठरवते. १९१८चा व्हीएफ रुपया चांदीच्या जरासा वर, पण तोच खरोखर न वापरलेला, उजेड फिरणारा असेल तर कित्येक पट. दुर्मिळ नाण्यात अवस्था मागे पडते. तिथे फक्त 'आहे का' एवढंच विचारतात.

लोक फसतात ते आकडा कुठून उचलायचा यात. ऑनलाइन कोणी तीस हजार मागितले म्हणजे ते तीस हजारांचं झालं नाही. मागणं म्हणजे भाव नव्हे. परदेशी जाडजूड कॅटलॉगात डॉलरमध्ये छापलेल्या किमती आपल्या बाजाराच्या मागे असतात किंवा पुढे, जागेवर क्वचित. लिलावातला आकडा जास्त विश्वासाचा, पण तो त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली म्हणून चढलेला असू शकतो, आणि त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन आणि जीएसटी वेगळं. मी असं करतो. त्याच प्रकारच्या, त्याच टाकसाळीच्या नाण्याचे निदान चार-पाच लिलाव बघायचे, फोटोंसकट. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडून द्यायचा. उरलेल्यांत आपलं नाणं कोणासारखं दिसतं ते शोधायचं. त्यांनी लिहिलेली ग्रेड वाचायची नाही, फोटो बघायचा.

आणि विकायला गेलात तर तो भाव मिळणार नाही. दुकानदाराला भाडं आहे, पैसे अडकतात, माल वर्षभर पडून राहतो. तो कमीच देणार, आणि त्यात फसवणूक नाही. नवख्यांचे सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतात, मग रागारागाने ते लुटारू-बिटारू म्हणत सुटतात. फसवणूक तेव्हा, जेव्हा घेताना एफ म्हणतो आणि पाच मिनिटांनी तेच नाणं दुसऱ्याला व्हीएफ म्हणून विकतो. तसा एक मला भेटलाय. शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं. पुन्हा गेलो नाही.

आमच्या माडीवर एक न लिहिलेला नियम आहे. ग्रेड आधी तिसऱ्याने सांगायची, घेणाऱ्याने नाही आणि देणाऱ्यानेही नाही. एडवर्डचा तो रुपया शेवटी मामांनीच घेतला, व्हीएफच्या भावाने. पुढच्या महिन्यात त्यांच्या अल्बममध्ये चिठ्ठी बघितली. 'एक्सएफ-'. मोठ्या मनाने वजा चिन्ह ठेवलं होतं.

फसवणूक आणि कायदा, थोडक्यात

वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं, ७८६ची नोट, यांना लाखो मिळतात असे व्हिडिओ सारखे येतात. ती नाणी चलनातली आहेत, त्यांची किंमत त्यांवर लिहिलीय. 'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, आधी कर भरा, मग पैसे देतो' असा फोन आला तर बंद करा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं नावाचा प्रकार तर आपल्या भागात किती जणांना बुडवून गेलाय. तांदूळ ओढणारं काही नसतं.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यामुळे ती परदेशात पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला कुरिअर करायच्या आधी हे आठवा.

जपणूक आणि वही

साध्या मऊ पीव्हीसी पाकिटात नाणी ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात ती पाकिटं पाझरतात आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलर नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, पिना बाहेरून सपाट दाबा. लाकडी पेटीपेक्षा स्टीलचा डबा बरा, त्यात सिलिका जेलची पुडी.

डोळा तयार करायचा तर एकदा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जा आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय बघून या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्थाही आहे. काचेआडचं उत्तम नाणं नीट बघितलं, की आपल्या पेटीतलं कुठे बसतं ते आपोआप कळू लागतं.

आणि एक वही घाला. प्रत्येक नाण्याला एक ओळ. काय आहे, साल, टाकसाळीची खूण, वजन, कुठून आलं, किती दिले. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत सालाखाली हिरा किंवा ठिपका असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. नोएडाचाही बारीक गोल ठिपकाच असतो, तेव्हा मुंबई की नोएडा हे ठरवताना साल आणि नाण्याचा प्रकार बघून खात्री करा. हे सगळं शाईने लिहा. ग्रेड मात्र पेन्सिलीने. त्या पोराने पुढच्या रविवारी वही आणली होती. आजीच्या पुरचुंडीतले सात रुपये, सात ओळी, वजनं दोन दशांशांपर्यंत. ग्रेडच्या रकान्यात पहिल्या तीन ठिकाणी आधीच खोडरबर फिरलेलं होतं.